चिनी ‘अंतर्गत’ युद्धकला आल्या कुठून आणि त्यांच्या सरावाने माणसाला नेमके काय मिळते?

ताई-चीसारख्या चिनी अंतर्गत युद्धकलांचे मूळ काय आणि त्या शिकून सामान्य माणसाला काय लाभ होतो, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त सिंगापूरमध्ये असताना मी सहा वर्षे ताई-ची शिकलो, त्या अनुभवावर हे लिहितो आहे.

वुडांग पर्वतावरील झांग सानफेंग या ताओपंथी साधूने सापाची आणि पक्ष्याची झुंज पाहून ही कला निर्माण केली, ही कथा गोड आहे, पण तिला इतिहासाचा आधार नाही. ‘नेइजिया’, म्हणजे आतले घराणे, हा शब्द १६६९ मध्ये हुआंग झोंगशी यांनी एका योद्ध्याच्या मृत्युलेखात वापरला. ताई-चीचा माग हनान प्रांतातील चेनजियागोउ या गावापर्यंत लागतो. तेथे चेन चांगशिंग यांच्याकडे शिकलेले यांग लुचान पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागले आणि ही कला गावाबाहेर पसरली. ताई-ची आणि शिंगयी व बाग्वा या आणखी दोन चिनी युद्धकला, अशा तिन्ही कलांत पारंगत असलेल्या सुन लुतांग (१८६०–१९३३) यांच्या ग्रंथांमुळे त्या एका माळेत ओवल्या गेल्या. शिंगयीतील पाच मुठी पंचतत्त्वांशी जोडलेल्या आहेत, मात्र ती आपली पंचमहाभूते नव्हेत. त्यांत लाकूड आणि धातू आहेत, वायू आणि आकाश नाहीत.

‘अंतर्गत’ या शब्दात मला तरी काही गूढ आढळले नाही. जोर दंडातून न काढता तळपायातून उचलायचा, कमरेने वळवायचा आणि हातापर्यंत आणायचा, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. हालचाल संथ ठेवायची ती याचसाठी, कारण वेगात तोल गेलेला झाकला जातो, संथपणात तो लगेच उघडा पडतो. ‘तुई शौ’ या जोडीच्या सरावात सत्तरीच्या गुरुजींच्या मनगटाला मनगट लावून मी जोर लावला, तेव्हा समोरचा आधारच नाहीसा झाला आणि मी दोन पावले पुढे धडपडलो. त्यांनी काही न बोलता माझ्या उजव्या खांद्यावर बोट टेकवले. तो खांदा मी दिवसभर संगणकापुढेही असाच आखडून बसतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले, आणि पुढे वर्षभरात मानेचे दुखणे बरेच कमी झाले.

तोलाच्या बाबतीत संशोधनाचाही आधार आहे. पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरील २०१२ च्या अमेरिकी अभ्यासात आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. ‘ची’ने, म्हणजे शरीरातील प्राणशक्तीने, असाध्य रोग बरे करण्याचे दावे मात्र सोडून द्यावेत.

तोटाही सांगतो. पहिल्या वर्षी वळताना गुडघा आत झुकवत राहिल्याने मी तो दुखावून घेतला होता. गुडघा आणि पायाची बोटे एकाच दिशेला आहेत का, हे जे शिक्षक पहिल्याच दिवशी वाकून पाहतात, त्यांच्याकडे नाव नोंदवावे.