एक नकार आणि चार तिकिटं

प्रश्न : स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘द बीएफजी’ आम्ही परवा घरी मुलांसोबत पाहिला. अनाथ मुलगी आणि मोठ्या कानांचा प्रेमळ राक्षस. पोरं जागची हलली नाहीत. मग हे म्हणाले, हा पिक्चर थिएटरात पडला होता. इतकं देखणं, निर्मळ काम लोकांनी का नाकारावं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, पडला हे खरं आहे, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. खर्च सुमारे १४ कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री साधारण १९.५ कोटी. आकडा नफ्याचा दिसतो, पण तिकिटाचा जवळपास निम्मा पैसा थिएटरवाल्यांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च त्या १४ कोटींत धरलेला नसतो.

पण लोकांनी तो पाहून नाकारला असं मी म्हणणार नाही. बहुतेक घरांतून माणसं निघालीच नाहीत.

मी वितरकाकडे बुकिंगचं, म्हणजे पिक्चर थिएटरांना लावून देण्याचं, काम केलं आहे. मारधाडीचा पिक्चर लागला की कॉलेजची पोरं बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, भटकता भटकता टॉकीजमध्ये शिरायची. फॅमिली पिक्चरला मात्र आधी घरात बैठक बसते. खिडकीसमोर उभं राहून ही बोलणी मी कितीदा ऐकली आहेत! धाकटी पोस्टरकडे बोट दाखवते. आठवीतला दादा ‘हे लहान पोरांचं आहे’ म्हणून तोंड फिरवतो. आई विचारते, ‘राक्षस आहे, रात्री घाबरणार तर नाही ना ही?’ बाबा शेजारचं पोस्टर वाचत असतात. एकाचा नकार आला की चारही तिकिटं जातात. शिवाय चौघांचा खर्च पॉपकॉर्नसकट हजाराच्या पुढे, म्हणजे नव्या गोष्टीवर पैसे लावायला आईबाप कचरणारच.

अमेरिकेत हा सिनेमा १ जुलै २०१६ ला लागला, तेव्हा ‘फाइंडिंग निमो’ या गाजलेल्या कार्टूनपटाचा पुढचा भाग ‘फाइंडिंग डोरी’ तिसऱ्या आठवड्यात होता. डोरीनं त्या शुक्रवार ते रविवारात सुमारे ४.२ कोटी डॉलर कमावले, बीएफजीनं १.९ कोटीही नाही. डोरीला घरोघरी ओळखत होते, तिथे बैठकीची गरजच नव्हती. उलट ब्रिटनमध्ये रोआल्ड डालचं १९८२ चं मूळ पुस्तक आईबापांनी स्वतः लहानपणी वाचलेलं. तिथे हाच सिनेमा चांगला चालला. माझ्या लेखी यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आपल्याकडे उन्हाळा थोडी मदत करतो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, शाळा जूनअखेरपर्यंत बंद, एसीत तीन तास मिळणार म्हटल्यावर आजीही तयार होते. शाळा उघडल्यावर हीच माणसं फक्त रविवारची.

आणि अशा सिनेमाला वेळ लागतो हो. एका आईनं दुसरीला शाळेच्या फाटकाशी सांगायचं, तिनं घरी विषय काढायचा, मग पुढचा रविवार. तोवर मल्टिप्लेक्सनं सोमवारचं कलेक्शन बघून संध्याकाळचे शो काढलेले असतात. उरतो सकाळी दहाचा, पोरं वर्गात असतानाचा. दुसऱ्या शुक्रवारी तोही नव्या पिक्चरला जातो.

म्हणून, ताई, पुढच्या वेळी असा सिनेमा लागला तर पहिल्याच शनिवारी पोरांना घेऊन जा, आणि त्याच रात्री चार मैत्रिणींना फोन करा.