पोरीला कळलंय, आता तिला एकटं पाडू नका

या वेळी आलेली चारही पत्रं एकाच जातीची आहेत. घरात मूल आहे आणि आजार बरा होणारा नाही.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. रक्ताचा कॅन्सर पुन्हा उलटला, आता घरीच ठेवा म्हणाले. परवा तिनं विचारलं, "मी बरी होणार नाही ना?" हे म्हणतात, एक शब्द बोलायचा नाही. (तासगाव तालुका)

ताई, तिनं 'बरी होणार का' असं विचारलेलं नाही. मुंबईच्या फेऱ्या थांबल्या, घरात कुणी रागवेनासं झालं, पोरीला तेवढं पुरलं. मेलेलं माणूस परत येत नाही, हे आठ-नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांना उमगलेलं असतं.

लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, "तुला असं का वाटलं गं?" आणि गप्प बसून ऐका. पुष्कळदा भीती वेगळीच निघते : परत सुई टोचतील का, रात्री मी एकटी असेन का, आई माझ्यामुळं रडते का. सरळच विचारलं तर खोटं नको. "औषधांनी हा आजार आता बरा होत नाही. पण तुला दुखू नये म्हणून सगळं करू, आणि मी जवळच आहे." एवढं पुरे. 'देवाकडे झोपायला जायचं' असलं काही सांगू नका, पोरं झोपेलाच घाबरतात.

यजमान कठोर नाहीत हो. बागेत फवारणी करतानाही त्यांच्या डोक्यात तेच असणार. त्यांना बोलायला लावू नका. तुम्ही बोलताना दाराशी बसू द्या.

प्रश्न : सहा वर्षांच्या पुतण्याला मॉर्फिन लिहून दिलंय. गावात म्हणतात, ते सुरू केलं की संपलं. (जत)

काका, गावानं उलटं पाहिलंय. आजार वाढला की दुखणं वाढतं, म्हणून मॉर्फिन येतं. वजनाप्रमाणं मोजून दिलेल्या मॉर्फिननं मूल लवकर जात नाही, व्यसनाची भीतीही नको. तोंडानं देतात ते साधं औषध चार-एक तास टिकतं. पोर कळवळायची वाट न बघता घड्याळ बघून द्या. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल. बद्धकोष्ठ हमखास होतं, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. मनानं एकदम बंद करू नका. 2014 साली अशा अंमली औषधांचा कायदा सैल झाला, तरी प्रत्येक मेडिकलात ते मिळत नाही. बाटली संपायच्या आधीच सोय बघा.

प्रश्न : थोरला अंथरुणाला खिळलाय. पाच वर्षांचा धाकटा पुन्हा अंथरूण ओलं करतो. ओरडावं का? (मिरज)

नाही. या वयात वाटतं, मी भांडलो म्हणून दादा आजारी पडला. तुझ्यामुळं नाही, असं त्याला स्पष्ट आणि पुन्हा पुन्हा सांगा. दादाला पाणी नेऊन द्यायचं काम त्याच्याकडे द्या.

प्रश्न : औदुंबरला नातवासाठी नवस बोललेय. सून अंगारा लावू देत नाही. मी नुसती त्याचे पाय चेपत बसते. (पलूस)

आजी, अंगारा कपाळाला लावा, तोंडात घालू नका. केमो झालेल्या मुलाला साधा जंतूही पेलवत नाही, सुनेला तीच धास्ती असणार. नवस मनात ठेवा. 'तू बरा झालास की पायी जाऊ' असं त्याच्यासमोर म्हणालात, तर बरं होणं ही त्याची जबाबदारी होते. आणि पाय चेपणं हलक्या हातानं चालू द्या, त्याला दुखत नाही तोवर.