.१७७ एअर रायफलला स्कोप कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

जुळे सोलापूरच्या गच्चीवर १० मीटरवरून कागदी टार्गेट मारायचंय म्हणता, तर ४×३२ (चारपट मोठं दाखवणारा, ३२ मिमी पुढच्या भिंगाचा) स्कोप पुरे. मोठ्या झूमच्या नादाला लागू नका. महत्त्वाचं म्हणजे स्कोपवर 'एअरगनसाठी' असं लिहिलेलं हवं. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का आधी मागे, मग पुढे बसतो. साधा स्कोप त्यात आतून खिळखिळा होतो. शिवाय बऱ्याच स्कोपचं पॅरॅलॅक्स (डोळा हलला की फुली टार्गेटवर सरकल्यासारखी दिसणं) १०० यार्डांना जुळवलेलं असतं, म्हणून १० मीटरपर्यंत खाली येणारा बघा.

स्कोप धरून ठेवणाऱ्या माउंटच्या रिंगा रायफलवरच्या ११ मिमी खाचेत बसणाऱ्या घ्या, स्टॉप पिन असलेल्या. नाहीतर स्कोप मागे सरकत राहतो. (माझा सरकला, आणि मी महिनाभर छऱ्यांना शिव्या घातल्या.) स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा. आधी रायफल नेहमीसारखी खांद्याला लावून पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करा.

मग नेम जुळवा: स्कोपच्या फिरकीचा पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी सरकतो, म्हणजे सेंटीमीटरभरासाठी चौदाएक क्लिक. टेक्याला सोलापुरी चादरीची गुंडाळी उत्तम, पण रायफल त्यावर दाबू नका. टार्गेटमागे छरा अडवणारं काहीतरी भक्कम हवंच.

स्पर्धेचा विचार असेल तर मात्र स्कोप घेऊच नका. १० मीटर एअर रायफलमध्ये तो चालत नाही, तिथे डायॉप्टर (बारीक भोकातून बघायची, भिंग नसलेली मागची साइट) लागतो.