कंपनीचं काम करू की कॉलेजचं?

हिवाळा सरत आला की पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, हेच गाऱ्हाणं घेऊन येतात. कन्सल्टन्सीत इंटर्नशिप, त्याच कामावर प्रकल्प, आणि वर साहेब दोन.

हिंगणघाटकडचा हा मुलगा त्यांच्यापैकीच (ओळख बदलली आहे). नागपूरच्या एका फर्मसाठी तो गावोगाव कापूसवाल्यांचे फॉर्म मोबाइलवर भरायचा. फर्मला रोजचे फॉर्म हवे, कॉलेजच्या गाइडना संशोधनाचा प्रश्न.

"दोघायपैकी एक जरी नाराज झाला, तं माहं वर्ष गेलं जी."

"नाराज झाले, मग काय करतील?"

"पुन्हा लिहून आण म्हणतीन."

"आणि वर्ष?"

तो ओशाळून हसला. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारी. माणूस प्रसंगापेक्षा त्याला लावलेल्या अर्थानं जास्त घाबरतो, हे मी रोज पाहते. भीती उतरली, पण विषय काही सापडेना. मी त्याची वही मागितली.

पुढच्या पानांवर गावं आणि आकडे. मागच्या पानांवर पेन्सिलीनं भलतंच काही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तरी एकानं त्याहून कमी भावात खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावातच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, माल दिला, कारण वेचणीची मजुरी त्याच संध्याकाळी चुकती करायची होती. दुसऱ्याच्या कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर, म्हणून सीसीआयनं (हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळानं) गाडी परत पाठवली.

"हे फॉर्ममध्ये कुठं भरतोस?"

"फॉर्मात कोणाले विकला एवढंच हाय. काऊन विकला, तो रकानाच नाही..." तो थांबला. "मॅडम, माहा विषय हाच हाय का?"

मी गप्प राहिले. नवे समुपदेशक इथं हमखास 'हो' म्हणून टाकतात आणि मुलाचा विषय आपला करून बसतात. मला ते टाळता येतं.

पुढचं व्यवहाराचं. विषय एका पानावर लिहून गाइड आणि फर्म दोघांकडून आधीच मंजूर करून घ्या. फर्मसाठी गोळा केलेली माहिती तुमची नसते. वापरायची तर लेखी परवानगी घ्या आणि शेतकऱ्यांची नावं काढा. परवानगी नाही मिळाली तर स्वतःचे प्रश्न वेगळ्या वेळी विचारा, 'हे कॉलेजसाठी' असं सांगून. अहवालही दोन लिहा. फर्मला 'आता काय करायचं' हवं असतं, कॉलेजला 'कशावरून म्हणता'. स्टायपेंड, प्रमाणपत्र यांचं बोलणं पहिल्याच आठवड्यात उरका.

फर्मनं परवानगी दिली, फक्त ग्राहकाचं नाव नको म्हणाले. गाइडनी मात्र आणखी गावं घ्यायला लावली. त्यावर तो फोनवर चांगला कुरकुरला, पण भेटीची वेळ काही मागितली नाही.