'लूक्स' आणि 'लूमेन': दोन्ही उजेडच, तरी एक नव्हेत

बल्बच्या खोक्यावरचा 'ल्युमेन' आणि प्रकाशमापकावरचा 'लक्स' या दोन्हींचा लॅटिन अर्थ 'प्रकाश' असाच असेल, तर एकाच गोष्टीला दोन शब्द कशाला, असे आपण विचारले आहे. दोन्हींचा धातू एकच आहे. परंतु 'लूक्स' म्हणजे सभोवती पसरलेला उजेड, विशेषतः दिवसाचा, आणि 'लूमेन' म्हणजे तो जिथून येतो ती वस्तू किंवा जागा, असा ढोबळ भेद करता येतो. लॅटिन कवी मात्र वृत्ताच्या सोयीने हे शब्द खुशाल अदलाबदल करतात, तेव्हा हा भेद फार ताणू नये.

सीझरचे सैन्य 'प्रीमा लूके', म्हणजे उजाडता उजाडता, हालचाल करते. बायबलच्या लॅटिन भाषांतरात पहिल्या दिवशी 'फीआत लूक्स' (प्रकाश होवो) अशी आज्ञा होते. सूर्य आणि चंद्र निर्माण होतात ते चौथ्या दिवशी, आणि त्यांच्यासाठी योजलेला शब्द 'लूमिनारिया' हा 'लूमेन'वरून आलेला आहे.

मला स्वतःला 'लूमेन' अधिक आवडतो, कारण दिवा, डोळा आणि खिडकी हे तिन्ही अर्थ तो सहज पेलतो. आपल्या 'गवाक्षा'तही डोळा दडलेला आहेच. शेजाऱ्याने बांधकाम करून आपल्या घराचा उजेड अडवू नये, असा हक्क रोमन कायद्यात मिळवता येत असे, आणि तिथे उजेडासाठी 'लूमिना' हे याच शब्दाचे अनेकवचन येते. रक्तवाहिनीच्या आतल्या पोकळीला डॉक्टर 'ल्युमेन' म्हणतात, तेही झरोक्याच्या याच अर्थावरून.

संस्कृतातला 'रुच्' (प्रकाशणे) हा या धातूचा सख्खा भाऊ. तेथे 'ल'चा 'र' झाला. म्हणजे जेवणातली आपली 'रुची' आणि लॅटिनमधला चंद्र, 'लूना', ही एकाच कुळातली आहेत.

शास्त्रज्ञांनी एककांना नावे देताना हा जुना भेद बऱ्याच अंशी राखला आहे. दिव्यातून बाहेर पडणारा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, तर पृष्ठभागावर पडलेला लक्समध्ये. एका चौरस मीटरवर 1 ल्युमेन पडला, की तो 1 लक्स. त्यामुळे 800 ल्युमेनच्या बल्बचा सगळा प्रकाश 10 चौरस मीटर जमिनीवर सारखा पडला, तर मापक 80 लक्स दाखवील; प्रत्यक्षात काही प्रकाश भिंती आणि छत गिळतात, म्हणून आकडा याहून कमीच भरतो.