सात सेकंदांची चिठ्ठी आणि पाच मतदान केंद्रे

प्रश्न : मतदान करताना व्हीव्हीपॅटच्या (मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेआड मी निवडलेल्या चिन्हाची चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि पेटीत पडली. परंतु मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटमध्ये मत त्याच उमेदवाराच्या नावे नोंदले गेले, हे मला कोठे दिसले? शिवाय विधानसभा मतदारसंघातील केवळ पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून सगळीच यंत्रे बरोबर आहेत, असे कसे म्हणता येईल?

उत्तर : पहिल्या भागाचे सरळ उत्तर असे की, ते आपल्याला दिसले नाही आणि दिसण्याची सोयही नाही. आपण काचेआड पाहतो ती कागदी नोंद. मोजणीच्या दिवशी पडद्यावर उमटतो तो इलेक्ट्रॉनिक नोंदीचा आकडा. या दोन नोंदी जुळतात की नाही, हे दोन्ही मोजल्यावरच कळते. सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय मतदान आणि मोजणी यांचे महत्त्वाचे टप्पे तपासता आले पाहिजेत, असे जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये म्हटले आणि तेथे २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रे घटनाबाह्य ठरवली. त्या यंत्रांत कागदी चिठ्ठी नव्हती. आपल्याकडे ती आहे आणि दोन्ही मोजण्यांत तफावत आढळल्यास निवडणूक संचालन नियमांतील नियम ५६ ड नुसार चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते. म्हणजे वाद झाला, तर शेवटचा शब्द कागदाचा असतो.

दुसरी नोंद कशासाठी लागते, हे बेल्जियममधील एका प्रसंगावरून चांगले समजते. मे २००३ मध्ये ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात एका उमेदवाराला तिच्या पक्षाच्या यादीच्या एकूण मतांशी न जुळणारी, अशक्य वाटावी इतकी मते पडल्याचे संगणकाने दाखवले. मतदारांची मते नोंदलेली चुंबकीय कार्डे पुन्हा वाचली, तेव्हा फरक नेमका ४०९६ मतांचा निघाला. ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. त्यामुळे संगणकाच्या स्मृतीतील एक बिट (शून्य किंवा एक साठवणारा सर्वांत लहान घटक) आपोआप उलटले असावे, असा तज्ज्ञांचा कयास झाला. येथे कोणीही लबाडी केलेली नव्हती. चूक सापडली ती आकडा अशक्य होता म्हणून, आणि दुरुस्त झाली ती कार्डे शिल्लक होती म्हणून. त्याऐवजी खालचे एखादे बिट उलटून फरक २५६ मतांचा झाला असता, तर कदाचित कोणाच्या लक्षातही आले नसते.

आता पाच केंद्रांविषयी. पूर्वी एकाच केंद्राच्या चिठ्ठ्या मोजत. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी ही संख्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रासाठी पाच केली. ती केंद्रे सोडतीने निवडली जातात. समजा, मतदारसंघात ३०० केंद्रे आहेत आणि त्यांतील १०० यंत्रे सदोष आहेत. मग सोडतीतील पाचही केंद्रे निर्दोष निघण्याची शक्यता सुमारे १३ टक्के राहते, म्हणजे दोष बहुधा पकडला जाईल. पण सदोष यंत्रे सहाच असतील, तर ती निसटण्याची शक्यता ९० टक्के होते. उमेदवार वीस हजार मतांनी निवडून आला असेल, तर सहा यंत्रांनी निकाल फिरणार नाही. दोनशे मतांनी आला असेल, तर नक्की फिरू शकतो. लोकसभेला परिस्थिती बरी असते, कारण महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात आणि ३० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात.

सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. सरसकट मोजणी मलाही अनावश्यक वाटते. मात्र अटीतटीच्या आणि एकतर्फी लढतीला पाचाचाच आकडा लावणे गणिताला धरून नाही. मताधिक्य जितके कमी, तितका तपासायचा नमुना मोठा, हे तत्त्व अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर अमलात आणले आहे. ते आपल्याकडे का येऊ नये, याला मला अद्याप पटणारे उत्तर मिळालेले नाही.

प्रश्न : दूर बसून मोबाइलने यंत्र हॅक करता येते का?

उत्तर : नाही, या यंत्राला इंटरनेट, वाय-फाय वा ब्लूटूथ काहीच नाही. २०१० मध्ये हरिप्रसाद, अलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्रिप या संशोधकांनी फोनवरून आकडे बदलून दाखवले होते, परंतु त्यासाठी त्यांनी यंत्र उघडून आतला डिस्प्लेचा भाग बदलला होता. त्यामुळे खरा प्रश्न यंत्र कोणाच्या ताब्यात होते, हा आहे. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे : व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची नावे व चिन्हे बाहेरून भरावी लागतात. म्हणूनच २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चिन्हे भरणारी युनिट निवडणुकीच्या निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवण्यास सांगितले.

प्रश्न : मी प्रथमच मतदान प्रतिनिधी (केंद्रावर बसणारा उमेदवाराचा माणूस) होणार आहे. काय पाहावे?

उत्तर : सकाळी लवकर जा. किमान ५० मतांचे अभिरूप (चाचणीचे) मतदान आपल्या समोर होते; ती मते यंत्रातून पुसली गेली आणि पेटीतल्या चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात सील केल्या, हे डोळ्यांनी पाहावे, कारण घाईत राहून जाते ते नेमके हेच. कंट्रोल युनिटचा क्रमांक व सीलचे क्रमांक वहीत उतरवावेत. संध्याकाळी क्लोजचे बटण दाबल्यावर दिसणारा एकूण आकडा नमुना १७ क (मतांच्या हिशेबाचा अर्ज) मध्ये लिहिला जातो. त्याची प्रत मतदान केंद्राध्यक्षांकडून सहीनिशी घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. ही प्रत मोजणीच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्या सहकाऱ्याच्या हाती पोहोचली पाहिजे. तेथे युनिटचा क्रमांक, सील आणि एकूण मते ताडून पाहावीत आणि काही जुळले नाही, तर उमेदवारनिहाय आकडे पाहण्यापूर्वीच लेखी हरकत द्यावी.