‘अप’ म्हणजे दर वेळी ‘वर’ नव्हे

तुम्ही लिहिलंय की इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द जोडून होणाऱ्या जोड्यांची, लांबलचक यादी पाठ केली आणि आठवड्यात विसरलात. शिवाय ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, मग ‘गिव्ह अप’चा अर्थ ‘सोडून देणे’ कसा, हेही विचारलंय.

यादी बाजूला ठेवा आणि आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, घाटात गाडी लागते. यातलं काहीच आपण घोकलं नाही. शब्द ज्याच्या जोडीने आला, त्या जोडीसकट कानावर पडला. फ्रेजल व्हर्ब्जही तशाच जोडीने धरा.

‘अप’ पुष्कळदा आपल्या ‘टाकणे’चं काम करतो. ‘दूध पिऊन टाक’ म्हणताना आईला काही फेकायचं नसतं, पेला रिकामा हवा असतो. ‘पी’ आणि ‘पिऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रिंक अप’मध्ये. ‘ईट अप’, ‘यूज अप’ त्याच घरातले. सगळीकडे हे बसत नाही, पण खूप ठिकाणी हात देतं.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, ही जोडी मात्र पक्की करा. पहिल्या नोकरीत मिटिंग ‘कॉल्ड ऑफ’ झाल्याचा मेल आला, मला वाटलं पुढे ढकलली. दोन संध्याकाळी बसून आकडे तयार केले, आणि नवी तारीख विचारायला गेल्यावर कळलं की मिटिंग होणारच नाही. तेव्हापासून मी अर्थ एकटा उतरवत नाही, अख्खं वाक्य उतरवतो.

शाळेत आपण ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ शिकलो. हे लॅटिनकडून आलेले शब्द. बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं सहज ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इन्टू’ म्हणतात. म्हणून आपल्याला अग्रलेख कळतो आणि गप्पा निसटतात.

‘इट’सारखा शब्द काही जोड्यांच्या मधोमध येतो: ‘पुट इट ऑफ’. पण ‘लुक आफ्टर हर’ (तिला सांभाळ) यातली जोडी तुटत नाही. आणि ‘कोप अप विथ’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते चूक आहे. नुसतं ‘कोप विथ’ म्हणा.

आज फक्त ‘टेक ऑफ’ घ्या. विमान उडाल्याचं एक वाक्य, दारात चपला काढल्याचं एक. इथेच लिहा, मी तपासून देतो.